थंडीच्या दिवसांत वाघाची मावशी

मार्गशीर्ष आणि पौष हे महिने हुडहुडी भरविणारे. दिवाळी सरली की पेटीच्या तळाशी ठेवलेल्या गोधड्या बाहेर निघतात, पहाटे शेकोट्या पेटतात आणि न्हाणीघरातील बंबात नेहमीपेक्षा लवकर विस्तव पडतो. महाराष्ट्राच्या पठारावर या दिवसांत दुपारचे ऊन चांगले तापते. रात्र मात्र बोचरी असते. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात काही रात्री पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरेशुभ्र झालेले दिसते.

माणसे आपापल्या परीने थंडीचा बंदोबस्त करीत असता घरातील आणखी एक रहिवासी स्वतःची सोय स्वतःच पाहत असतो. तो म्हणजे मांजर. सकाळी खिडकीतून येणारा कवडसा, दुपारी तापलेली ओसरी, सायंकाळी कोणाची तरी मांडी आणि रात्री आजीच्या गोधडीचा कोपरा, असा त्याचा दिनक्रम ठरलेला असतो. घरातील सर्वांत उबदार जागा कोणती, हे मांजराइतके अचूक कोणालाच ठाऊक नसते.

परंतु उबदार जागा ही निर्धोक जागा असतेच असे नाही. थंडीत मांजरावर येणारी कितीतरी संकटे, ते जेथे ऊब शोधावयास जाते तेथेच दबा धरून बसलेली असतात. म्हणून मांजर पाळणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: निर्धोक ऊब घरातच मिळाली, तर मांजर धोक्याची ऊब शोधीत हिंडत नाही.

मांजराला उबेची एवढी ओढ का असावी? याचे उत्तर त्याच्या कुळात सापडते. आपण मांजराला वाघाची मावशी म्हणतो. पण तिचे खरे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका या उष्ण, कोरड्या प्रदेशांतील लहानशी रानमांजरे होत. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, तेव्हा धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे ही रानमांजरे आली. हळूहळू ती माणसाच्या सहवासात रुळली. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर माणसाच्या दफनाशेजारी पुरलेल्या एका मांजराचा सांगाडा सापडला आहे. तो सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा असल्याचे संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केले. इतक्या दीर्घ सहवासानंतरही मांजराने आपल्या मूळ भूमीची उष्णता जणू अंगात जपून ठेवली आहे.

निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. मांजराचे त्याहून थोडे अधिक, म्हणजे साधारणपणे ३८ ते ३९ अंश असते. भोवतालची हवा ३० ते ३८ अंशांच्या दरम्यान असेल, तर ही उष्णता टिकविण्यासाठी मांजराला वेगळे श्रम पडत नाहीत. हवा त्याहून गार झाली की त्याच्या शरीराला अधिक इंधन जाळावे लागते. याचा अर्थ, थोडा गारवा लागताच मांजर आजारी पडते असा मुळीच नाही. निसर्गाने त्याला उत्तम पांघरूण दिले आहे. थंडी वाजू लागली की त्याच्या अंगावरील केस उभे राहतात व त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. हा थर शरीरातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रजईतील पिंजलेला कापूस हेच काम करतो. शिवाय मांजर अंगाचे वेटोळे करून, पाय पोटाशी घेऊन, शेपटीने नाक झाकून झोपते. त्यामुळे त्याच्या शरीराचा अगदी थोडा भाग हवेला उघडा राहतो. मात्र ही सारी व्यवस्था अंग कोरडे असेपर्यंतच चालते. केस भिजले की त्यांच्यामधील हवा निघून जाते आणि पांघरूणच गार पडते. म्हणून कडाक्याच्या थंडीत मांजराला उगाच न्हाऊ घालू नये. ते पावसात वा सांडपाण्यात भिजून आले, तर कोरड्या पंचाने लगेच पुसून उबेला बसवावे.

आता मांजर ऊब शोधीत कोठे कोठे जाते, ते पाहू.

पहिली जागा म्हणजे चूल. गॅसच्या शेगड्या आल्या, तरी खेड्यापाड्यांतील अनेक घरी अजून चूल पेटते आणि बंबही तापतो. रात्री जेवणे आटोपली की मांजर चुलीजवळ सरकते आणि संधी मिळताच राखेत जाऊन बसते. राख वरून निवलेली दिसते. पण तिच्या पोटात निखारे धुमसत असतात. त्यांनी मांजराचे पंजे पोळतात, मिश्या आणि केस होरपळतात. पहाटे अंधारात कोणी घाईने चूल वा बंब पेटविला आणि मांजर आत झोपलेले असले, तर अनर्थच ओढवतो. म्हणून रात्री निखारे पूर्ण विझवावे, चुलीच्या तोंडाशी पत्रा किंवा जड पाटा लावावा आणि सकाळी काडी ओढण्यापूर्वी आत एकवार पाहून घ्यावे.

काही घरी थंडी घालविण्यासाठी खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या बंद करून घेतात. ही सवय अत्यंत घातक आहे. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. त्यामुळे झोपलेल्याला काही कळण्यापूर्वीच तो प्राण हरण करतो. या बाबतीत माणूस आणि मांजर यांच्यात तो काही भेद करीत नाही.

दुसरी जागा घराबाहेरची. रात्री प्रवास करून आलेली मोटार, रिक्षा वा ट्रॅक्टर दारात उभा राहतो. त्याचे इंजिन बराच वेळ तापलेले असते. बाहेर वारा झोंबत असता मांजर खालून वर चढते आणि इंजिनाच्या बाजूच्या पोकळीत किंवा चाकाच्या वर अंग चोरून झोपी जाते. सकाळी चालक येतो, किल्ली फिरवितो आणि आतील पंखा व पट्टे गरगर फिरू लागतात. झोपेतील मांजराला बाहेर पडावयास सवडही मिळत नाही. हे संकट टाळावयास पैसा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. चालकाने इंजिनाच्या झाकणावर दोन जोरकस थापा माराव्या, चाकांच्या मागे डोकावून पाहावे, क्षणभर थांबावे आणि मगच गाडी सुरू करावी. घरातील मुलांनी ही आठवण वडीलधाऱ्यांना करून दिली, तर ते रागावणार नाहीत. उलट त्यांना कौतुकच वाटेल.

तिसरी जागा तर घरातच असते आणि ती कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. गोधड्यांची उघडी पेटी, लोकरीच्या कपड्यांचे कपाट, कपडे धुण्याचे यंत्र या ठिकाणी मांजर अलगद शिरते. नंतर कोणीतरी झाकण लावते आणि ते आत कोंडले जाते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. शिवाय पेटीत कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. या गोळ्या मांजराला विषासमान आहेत. त्या त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा बेताने ठेवाव्या आणि पेटीतून काढलेली पांघरुणे उन्हात चांगली वाळविल्याशिवाय त्याच्या अंथरुणाला वापरू नयेत.

रात्रीच्या वेळी मांजराला घरात घ्यावे, हे उत्तम. थंडीच्या रात्री लांब असतात, वाटा निर्जन असतात आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या फिरत असतात. जुन्नर, निफाड अशा ऊस पिकविणाऱ्या भागांत बिबट्याही वस्तीपर्यंत येतो. दिवेलागणीला मांजराचे जेवण देण्याची वेळ ठरविली, तर ते आपण होऊन घरी परतते आणि मग दार लावून घेता येते.

घरात घेतल्यावर त्याला हक्काची जागा द्यावी. ती करण्यास फारसा खर्च लागत नाही. मांजर आत शिरून सहज वळू शकेल एवढाच पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा खोका घ्यावा. खोका फार मोठा असला, तर मांजराच्या अंगची ऊब त्यात पसरून जाते. बेताचा असला, तर तीच ऊब टिकते. जमिनीचा गारवा वर येऊ नये म्हणून तो विटांवर किंवा पाटावर ठेवावा. एका बाजूला सुमारे वीतभर रुंदीचे दार ठेवावे. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो. म्हणून हे दार दक्षिणेकडे असावे. घरात ठेवावयाच्या खोक्यात जुने लोकरी कापड वा गोधडीचा तुकडा अंथरावा. खोका पडवीत किंवा गोठ्यात ठेवावयाचा असेल, तर कापडाऐवजी भाताचा वा गव्हाचा कोरडा पेंढा घालावा. कापड दमट हवा शोषून ओले होते. पेंढा कोरडा राहतो आणि मांजर त्यात स्वतःला पुरून घेऊ शकते. अंथरूण ओलसर झाल्याचे दिसताच बदलावे. उजेडाचा दिवा किंवा विजेची शेगडी खोक्याजवळ ठेवून घरातील मंडळींनी निघून जाऊ नये; तारा कुरतडल्या जातात, कापड पेट घेते आणि भलतेच घडते.

ऊब जशी बाहेरून मिळते, तशी ती अन्नातूनही मिळते. थंडीत बाहेर वावरणाऱ्या मांजराला नेहमीपेक्षा थोडे अधिक अन्न लागते. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण सर्वांच्या तोंडी असल्यामुळे दूध हाच मांजराचा आहार, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध नीट पचत नाही व त्याने हगवण लागते. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. मांसमासळीतील टॉरिन नावाचे द्रव्य त्याला फार आवश्यक असते. ते दीर्घकाळ मिळाले नाही, तर त्याची दृष्टी अधू होते आणि हृदय दुर्बल होते. म्हणून केवळ दूध-भातावर मांजर ठेवणे त्याच्या हिताचे नव्हे. काटे काढलेली शिजवलेली मासळी, हाडे काढलेले शिजवलेले मांस, किंवा मांजरांसाठी तयार मिळणारे खाद्य त्याला द्यावे. कांदा आणि लसूण त्याला अपायकारक आहेत. म्हणून फोडणीचे कालवण त्याच्या पुढे ठेवू नये.

पाण्याकडेही लक्ष असावे. थंडीत मांजर पाणी कमी पिते. त्यामुळे लघवीचे विकार बळावतात. विशेषतः बोक्याला लघवी अडण्याची भीती असते. बोका वारंवार बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर उद्यावर न ढकलता त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. विलंब त्याच्या जिवावर बेततो. त्याच्यापुढे ताजे, कोमट पाणी दिवसातून दोन-तीनदा ठेवणे, हा यावरील सोपा उपाय होय.

सर्वांत अधिक जपावे लागते ते लहान पिल्लांना. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. ते सुमारे ७ ते १४ दिवसांत उघडतात. पहिले काही आठवडे त्याला स्वतःच्या शरीराची उष्णता नीट राखता येत नाही. प्रारंभी तर थंडीने कुडकुडण्याची शक्तीही त्याच्या अंगी नसते. आईचे पोट आणि भावंडांचे अंग हीच त्याची शेकोटी. म्हणूनच आई जवळ असता पिल्ले उचलून इकडेतिकडे नेऊ नयेत. मांजरी आपली पिल्ले मानेला धरून वारंवार जागा बदलते, हे सर्वांनी पाहिलेले असते. एखादे पिल्लू एकटे दिसले, तर त्याची आई खाद्यासाठी गेली असणे शक्य असते. दूर उभे राहून वाट पाहावी. आई परत आलीच नाही आणि पिल्लू गार पडू लागले, तरच ते उचलावे.

गारठलेले पिल्लू हाती आले की दयाळू माणसे प्रथम त्याच्या तोंडात दूध घालतात. ही दया त्याच्या प्राणावर उठते. अंग गार असताना पिल्लाचे पोट काम करीत नाही. अशा वेळी पोटात गेलेले दूध पचत नाही आणि गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जाण्याचीही भीती असते. म्हणून येथे क्रम महत्त्वाचा: आधी ऊब, मग अन्न. पिल्लाला कोरड्या मऊ कापडात गुंडाळावे. बाटलीत गरम पाणी भरून ती जाड फडक्यात लपेटावी व पिल्लाच्या बाजूला ठेवावी. नुसती तापलेली बाटली अंगाला लावू नये. पिल्लाला शेकोटीपुढेही धरू नये, कारण बधिर झालेल्या अंगाला चटका बसल्याचे कळत नाही. ऊब हळूहळू द्यावी. पिल्लू हालचाल करू लागले, ओरडू लागले, म्हणजे पशुवैद्याच्या सल्ल्याने पिल्लांसाठी असलेले दूध पाजावे. गाईम्हशीचे दूध त्याला मानवत नाही.

मोठ्या मांजरालाही कधी थंडी बाधते. ते सारखे कुडकुडते, त्याचे कान आणि पंजे गार लागतात, ते सुस्त होते, हाकेला उत्तर देत नाही. कुडकुडणे थांबले पण सुस्ती वाढली, तर बरे वाटले असे समजू नये. ती प्रकृती अधिक बिघडल्याची खूण असते. त्याला कोरड्या कापडात गुंडाळून ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मुंबईत परळ येथील बाई साकराबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करीत आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मात्र घरातील औषधांच्या डब्यातून काही काढून मांजराला देऊ नये. माणसाचा ताप उतरविणारी पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. सर्दीवर चोळावयाचा कापराचा मलम आणि लादी पुसण्याचे फिनेल हेही त्याला बाधते. घाबरलेले वा वेदनेने व्याकूळ झालेले मांजर चावते, ओरखडते. म्हणून त्याला हाताळण्याचे काम मोठ्या माणसांकडे द्यावे. चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

एवढे कष्ट एका मांजरासाठी कशाला घ्यावे, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर कायद्याचे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली संसदेने केला. ज्याच्या ताब्यात प्राणी असेल, त्याने त्याच्या सुस्थितीसाठी सर्व योग्य ती काळजी घ्यावी, हे त्या अधिनियमाने कर्तव्य ठरविले आहे. १९७६ साली भारताच्या संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक होय.

दुसरे उत्तर साधे आहे. रानातील मांजर आपली जागा आपण शोधीत असे. माणसाने त्याला घरचे केले, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेचा काही भार आपल्या शिरावर घेतला. मांजराला निखारा आणि राख यांतील भेद कळत नाही, इंजिन केव्हा सुरू होणार हे कळत नाही, औषध आणि विष यांतील अंतर कळत नाही. ते ज्याला कळते, त्यानेच सावध राहिले पाहिजे. आणि ज्या मांजराला घरच नाही, त्याच्यासाठीही जिन्याखाली पेंढा घातलेला एखादा खोका ठेवणे काही अवघड नाही.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे जुनी माणसे म्हणतात. तोपर्यंतच्या लांब रात्री निभावून नेण्यास मांजराला थोडेच लागते: एक कोरडा कोपरा, पोटभर अन्न, कोमट पाणी आणि गाडी सुरू करण्यापूर्वी झाकणावर मारलेल्या दोन थापा.

स्वाध्याय

१. मांजराला उबेची ओढ का असते, ते पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत लिहा.
२. कारणे द्या : (अ) थंडीत मांजर अंगाचे वेटोळे करून झोपते. (आ) पडवीतील खोक्यात कापडाऐवजी पेंढा घालावा. (इ) गारठलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नये.
३. ‘उबदार जागा ही निर्धोक जागा असतेच असे नाही,’ हे विधान पाठातील तीन उदाहरणांनी स्पष्ट करा.
४. पुढील शब्दांचा व शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हुडहुडी भरणे, दबा धरून बसणे, ध्यानीमनी नसणे, जिवावर बेतणे, दिवेलागण.
५. आपल्या घराची व अंगणाची पाहणी करा. तेथे थंडीत मांजराला धोका होईल अशा कोणत्या जागा आहेत, आणि प्रत्येकीवर कोणता उपाय योजता येईल, ते लिहा.